चेक इंजिनचा दिवा लागला: कोड वाचण्यापासून दुरुस्तीपर्यंत

सकाळी कर्वे रोडला नळ स्टॉपच्या सिग्नलवर गाडी उभी असते आणि मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. आवाज नेहमीचा, पिकअप नेहमीचा, तरी पोटात गोळा येतो. ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे, नवी किंवा सेकंडहँड, त्यांच्यासाठी हा लेख आहे. दिवा लागल्यापासून तो नीट विझेपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं, ते सांगतो. यातलं बरंच काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःला करता येतं. उरलेलं गॅरेजला दिलं तरी तिथं काय चाललंय ते तुम्हाला कळेल.

आधी दिवा कसा लागलाय ते बघा

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरायचं कारण नाही. ऑफिसला जा, संध्याकाळी घरी येऊन शांतपणे कोड वाचा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. याचा अर्थ इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. अॅक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. पुढं टो करून न्या.

ऑइलचा किंवा टेम्परेचरचा लाल दिवा लागला तर कोडबिड नंतर. जागेवर थांबा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं कूलंट उसळून हात-तोंड भाजतं.

कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे

हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर हजारो रुपये वाचतात. गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, डोळे नाहीत. त्याला सेन्सरकडून येणारे व्होल्ट तेवढे कळतात. ते अपेक्षेपेक्षा वेगळे दिसले की तो कोडच्या रूपात तक्रार लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. काय बिघडलंय हे त्यालाही माहीत नसतं. कुठं काहीतरी जुळत नाही, एवढंच तो सांगतो.

माझ्या आधीच्या गाडीत पी०१७१ आला होता. अर्थ: मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एका गॅरेजनं कोड वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, बदलला. चार दिवसांनी दिवा परत. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ झाली, पुन्हा पैसे, पुन्हा दिवा. शेवटी एका रविवारी मी स्वतः बॉनेट उघडलं. एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडं जाणारा रबरी होज असतो ना, घड्याघड्यांचा, त्याच्या खालच्या बाजूनं बोट फिरवत गेलो. एका घडीत नखाएवढी चीर लागली. वरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. इंजिन हललं की चीर उघडायची आणि सेन्सरनं न मोजलेली हवा आत जायची. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. ज्यानं बातमी आणली त्यालाच आम्ही बदललं होतं. होज बदलला, दिवा गेला तो गेलाच.

हत्यारं

१ एप्रिल २०१० ला देशातल्या १३ शहरांत भारत स्टेज ४ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले, त्यात पुणं होतं. त्याच्याबरोबरच गाडीनं स्वतःचं निदान करण्याची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली आणि २०१३ पासून ओबीडी-२ ही त्याची पुढची पायरी आली. त्यामुळं त्यानंतरच्या कुठल्याही कारमध्ये स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास, १६ पिनांचं एक सॉकेट सापडतं. कधी ते फ्यूजच्या झाकणामागं दडलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून वाकून बघा.

त्यात बसणारा ब्लूटूथ अॅडॉप्टर ऑनलाइन मिळतो. ईएलएम३२७ या चिपवरचा असतो, साधा हजाराच्या आत येतो. अगदी स्वस्तातले काही गाड्यांशी नीट बोलत नाहीत, म्हणून परत करता येईल असाच घ्या. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारा लागतो. मोबाइलवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर'सारखं अॅप टाका. दुसरी गरज मल्टिमीटरची. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक चक्कर मारलीत तर साधा डिजिटल मीटर मिळून जाईल. त्याबरोबर गोटी पान्यांचा छोटा सेट, त्यात दहाचा पाना हवाच, आणि एक वही.

अॅडॉप्टर काम झालं की काढून ठेवायचा. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. आठवडाभर गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

कोड वाचायची पद्धत

गाडी हँडब्रेकवर, न्यूट्रलमध्ये. अॅडॉप्टर बसवा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. पुश बटणाची गाडी असेल तर क्लच-ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा. मोबाइल जोडा आणि अॅपमध्ये फॉल्ट कोड उघडा.

आता सगळ्यात मोठी चूक टाळा: 'क्लिअर' दाबू नका. कोडबरोबर ईसीयू त्या क्षणाची नोंदही ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दिवा लागला तेव्हा आरपीएम किती, वेग किती, कूलंट किती गरम, इंजिनावर लोड किती, हे सगळं त्यात असतं. क्लिअर केलं की तेही पुसलं जातं आणि हातातला एकमेव पुरावा जातो. स्क्रीनशॉट घ्या, वहीत उतरवा. 'पेंडिंग' नावाची यादीही बघा. बरेचसे बिघाड ईसीयूला एकदा दिसले की तो पेंडिंगमध्ये टाकतो आणि पुढच्या फेरीतही दिसले तरच दिवा लावतो.

कोडची फोड सोपी आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, यू म्हणजे कंट्रोलरांमधला संवाद तुटलेला. पुढचा आकडा ० असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी १ किंवा २ म्हणजे इंधन-हवा, ३ म्हणजे इग्निशन, ४ म्हणजे धुराच्या नियंत्रणाची यंत्रणा, ७ म्हणजे गिअरबॉक्स.

हात घालण्याआधी तीन गोष्टी

एकदम सहा-सात कोड आले, तेही एकमेकांशी संबंध नसलेले, तर आधी बॅटरी बघा. मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतं. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड वायर हेही इथंच तपासा.

दुसरी गोष्ट उंदीर. पावसाळ्यात पुण्यातल्या पार्किंगमध्ये, विशेषतः टेकडीलगतच्या सोसायट्यांत, ते ऊब शोधत इंजिनावर येऊन बसतात. बॉनेटखाली लेंड्या, प्लास्टिकचे तुकडे, शेंगांची टरफलं दिसली तर आधी वायरिंगच्या मागं लागा. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप मारू नका, पाणी आत जातं आणि दोन महिन्यांनी जोड हिरवा पडतो. बॅटरीची मायनस काढून, सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह घाला.

तिसरी: गेल्या आठवड्यात गाडीचं काय काम झालं ते आठवा. सर्व्हिसिंगनंतर लगेच दिवा लागला असेल तर बहुधा एखादा कपलर (वायरचा प्लास्टिकचा जोड) नीट बसलेला नसतो किंवा एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप सुटी राहिलेली असते.

मिसिंगचे कोड: पी०३०० ते पी०३०४

शिकायला हा सगळ्यात चांगला कोड, कारण इथं नव्यालाही खात्रीची परीक्षा घेता येते. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर मिस करतोय. पी०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, कधी हा कधी तो. बहुतेक इंजिनांत टायमिंग चेनच्या बाजूचा सिलिंडर पहिला. काही युरोपीय बनावटीच्या इंजिनांत उलटं असतं, म्हणून मॅन्युअल उघडून खात्री करा.

समजा पी०३०२ आहे आणि प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, चावी बंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचे कपलर काढा. लॉक दाबूनच काढायचे, वायर ओढून नाही. दहाच्या पान्यानं बोल्ट काढा, कॉइल थोडी फिरवत सरळ वर ओढा. दोन्हींची अदलाबदल करून बसवा. वहीत फ्रीझ फ्रेम आहे याची खात्री करून आता कोड क्लिअर करा आणि एक चक्कर मारा. कोड पी०३०३ झाला, म्हणजे तो कॉइलबरोबर गेला: कॉइल खराब, निकाल लागला. पी०३०२ तसाच राहिला तर कॉइल सुटली. मग याच पद्धतीनं प्लग अदलून बघा. तरीही दुसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर, त्याची वायरिंग किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. कॉम्प्रेशन मोजायला गॅरेज.

प्लग हातात आला की तो वाचा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे ठिणगीच नाही. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅसकेट गेलंय, नुसता प्लग बदलून भागणार नाही. परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानं, हलकेच फिरवून बसवायचे. हेड अॅल्युमिनियमचं असतं. आटे वाकडे पकडले आणि पान्यानं जोर लावला तर हेड उतरवायची वेळ येते.

मला एकदा एका वॉशिंग सेंटरमधून गाडी आणल्यावर पी०३०३ मिळाला. इंजिनवर प्रेशरचं पाणी मारलं होतं आणि तिसऱ्या प्लगच्या विहिरीत बोटभर पाणी होतं. प्लग न काढता ते आधी कापडानं टिपून आणि हवा मारून बाहेर काढलं, नाहीतर प्लग सोडताच सगळं सिलिंडरमध्ये उतरलं असतं. कॉइल दिवसभर वाळवली. एकही पार्ट लागला नाही. तेव्हापासून इंजिन ओल्या फडक्यानंच पुसतो.

सीएनजीवाल्यांनो, आधी पेट्रोलवर चालवून बघा. सीएनजीला पेटायला जास्त ताकदीची ठिणगी लागते, म्हणून प्लग-कॉइल थकले की ते आधी सीएनजीवर कळतं. पेट्रोलवर मिसिंग गायब झालं तर प्लग, कॉइल आणि किटचं सेटिंग या क्रमानं जा. गॅसच्या पाइपला आणि रेग्युलेटरला स्वतः पाना लावू नका.

पी०१७१: हवा जास्त, पेट्रोल कमी

इथं अॅपमधला लाइव्ह डेटा उपयोगी पडतो. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम हे दोन आकडे बघा. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय ते यात दिसतं. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडंतिकडं, तर ठीक. सतत दहाच्या वर गेली की शोध घ्यायचा. कोड लागतो तेव्हा ती साधारण पंचवीसच्या आसपास पोचलेली असते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या गाडीत हा आकडा तीन-चार टक्क्यांनी वर दिसणं स्वाभाविक आहे, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. तो बिघाड समजू नका.

इंजिन गरम करा. आयडलिंगला ट्रिम लिहून घ्या, मग रेस देऊन २५०० आरपीएमवर मिनिटभर धरा आणि परत लिहा. हे उघड्यावरच करायचं, बेसमेंटमध्ये नाही. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आयडलिंगला आकडा खूप वर आणि रेसवर खाली आला तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय: होज, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅसकेट. उलट रेसवर आणि चढावर आकडा वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर, इंजेक्टर. किंवा हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर मळलाय.

इथं एक मेख आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मास एअर फ्लो नसतो, मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, त्यामुळं चोरून आलेली हवाही त्याला दिसते. अशा गाडीत हवा गळत असेल तर ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच चढतं. मग पी०१७१ आला तर दोन गोष्टी आधी बघा: पेट्रोलचा दाब, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडं सायलेन्सरच्या पाइपला कुठं भोक आहे का.

चीर शोधायला इंजिनवर कार्ब क्लीनरचा फवारा मारायचा व्हिडिओ तुम्हाला दिसेल. गरम मॅनिफोल्डवर तो पेट घेतो. नव्या माणसानं हे करू नये. इंजिन बंद आणि थंड असताना प्रत्येक होज हातानं वाकवून, खालून बोट फिरवून बघा.

उणे चाळीस अंश

पी०११८ हा कूलंट टेम्परेचर सेन्सरचा कोड. लाइव्ह डेटात कूलंट उणे ४० दिसेल. पुण्यात कितीही कडाक्याची थंडी पडली तरी हे शक्य नाही. म्हणजे सेन्सर थंडी मोजत नाहीये, सर्किट तुटलंय. कपलर सुटलाय, वायर तुटलीय किंवा सेन्सर आतून गेलाय.

तिघांतला कोण, ते पाच मिनिटांत कळतं. सेन्सर दोन वायरींचाच आहे ना, हे बघून घ्या. चावी बंद करून कपलर काढा आणि कपलरच्या दोन पिना एका बारीक वायरनं एकमेकींना जोडा. चावी ऑन करून अॅप बघा. आकडा उणे ४० वरून उडी मारून एकदम शंभराच्या वर गेला, तर ईसीयूपर्यंतची वायरिंग धडधाकट आहे आणि सेन्सर बदलायचा. उणे ४० च राहिला तर वायर किंवा पिन शोधा. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या टेम्परेचर सेन्सरवर, दुसऱ्या कुठल्याही कपलरवर नाही.

कोड नसतानाही एक सोपी तपासणी करता येते. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे बाहेरच्या हवेइतकेच, दोन-तीन अंशांच्या फरकानं, यायला हवेत. एखादा वीस अंशांनी वेगळा असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय.

पी०४२०

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम कमी करतोय, असा हा कोड. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, म्हणून बदलायची घाई करू नका. आधी मिसिंग किंवा पी०१७१ असेल तर ते निस्तरा, सायलेन्सरची गळती बघा. मग मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट गरम इंजिनवर बघा. तो जवळपास स्थिर राहायला हवा. ०.१ ते ०.९ मध्ये सतत खालीवर नाचत असेल तरच कन्व्हर्टरवर संशय.

डिझेल आणि डीपीएफ

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ (भारत स्टेज ६) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. तो स्वतःला साफ करायला आतली काजळी साधारण ६०० अंशांना जाळतो आणि त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. रोज कोथरूड ते हिंजवडी गर्दीत सरपटणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. मग फिल्टरचा दिवा लागतो किंवा पी२४६३ येतो. दिवा नुकताच लागला असेल तर सातारा रस्त्याला किंवा एक्सप्रेसवेला काढा आणि वेगमर्यादेत राहून, एक गिअर खाली ठेवून, २००० च्या वर आरपीएमवर वीस-तीस मिनिटं सलग चालवा. मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीचे नेमके आकडे असतात. साफसफाई चालू असताना इंजिन मध्येच बंद करू नका.

ऑइलची पट्टी ओढून बघायला विसरू नका. अर्धवट राहिलेल्या साफसफाईत जादाचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. वरच्या खुणेच्या पुढं गेली असेल तर ऑइल बदलूनच गाडी चालवा. फिल्टर काढून टाकून देतो म्हणणाऱ्याला ठाम नाही म्हणा. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या, पाइपला, चुकूनही, इंजिन चालू असताना हात लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. पी००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. डिझेल फिल्टर वेळेत बदललाय का एवढं बघा, पुढचं काम माहितगाराचं.

दुरुस्तीनंतर

कोड क्लिअर करा आणि गाडी अशी चालवा की सगळे प्रकार होतील: थंड इंजिनवर सुरुवात, थोडं गर्दीत, थोडं सलग, एक चढ. कात्रजच्या घाटातून एक फेरी पुरते. परत आल्यावर पेंडिंगची यादी उघडा. दिवा नसला तरी तिथं कोड बसलेला असेल तर काम झालेलं नाही. क्लिअर न करता नुसती दुरुस्ती केली तरी चालतं. बिघाड खरंच गेला असेल तर सलग तीन स्वच्छ फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि ४० वेळा इंजिन गरम-थंड झाल्यावर कोडही पुसला जातो.

वॉरंटीतली गाडी असेल तर वायर तोडणं, सोल्डर मारणं यातलं काही करू नका, कोड लिहून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. एअरबॅग आणि एबीएस यांना वॉरंटी संपली तरी हात लावायचा नाही.

पार्ट लागलाच तर नाना पेठेत जाण्याआधी जुन्या पार्टवरचा नंबर फोटो काढून घ्या. नुसतं गाडीचं नाव आणि साल सांगून सेन्सर आणलात तर बऱ्याचदा कपलरच बसत नाही.

आणि गॅरेजला जाणार असाल तर वहीचं पान बरोबर न्या: कोड, फ्रीझ फ्रेम, आयडलिंगचा आणि रेसचा ट्रिम, कुठली कॉइल कुठं अदलली आणि काय झालं. चांगला मेकॅनिक ते पान बघून खूश होतो, त्याचा तासभर वाचतो. कुठलाही पार्ट बदलण्याआधी त्याला विचारा, "हा खराब आहे हे कशावरून ठरवलं?" उत्तरात एखादी तपासणी, एखादा आकडा यायला हवा. जुना पार्ट परत मागून घ्या आणि त्या पानाला तारीख, किलोमीटर टाकून ठेवा.